चिरीव बांबूच्या गळकाठीची कालनिश्चिती

चिरीव बांबूची गळकाठी म्हणजे अखंड बांबू न वापरता त्याच्या निमुळत्या कांबी काढून, त्या एकमेकींना चिकटवून बनवलेली मासेमारीची काठी होय. पिसे, रेशीम व केस गळाला बांधून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर फेकून मासा पकडण्याच्या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. या प्रकारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या येईपर्यंत चिरीव बांबूच्या काठीला तोड नव्हती. ब्रिटिश अमदानीत अधिकारी, मळेवाले आणि रेल्वेचे नोकर यांच्याबरोबर अशा काठ्या भारतात आल्या. जुने बंगले, क्लब आणि जुन्या बाजारांतून त्या आजही अधूनमधून सापडतात.

अशा काठीवर तिच्या निर्मितीचे वर्ष सहसा लिहिलेले नसते. त्यामुळे बांबूची जात, चिकटवण्याचे द्रव्य, धातूचे जोड, रेशमी बंध, दोर ओवण्याच्या कड्या, मूठ आणि लिखित खुणा यांचा एकत्र विचार करून तिचा काळ ठरवावा लागतो. काठीचा जो मूळ भाग सर्वांत अलीकडचा ठरतो, त्याच्या आधी ती काठी तयार झालेली असू शकत नाही, हे या कामातील मुख्य सूत्र आहे. मात्र तो भाग खरोखर मूळचा आहे की दुरुस्तीत बसवलेला, हे आधी तपासावे लागते. बहुतेक चुका येथेच होतात.

रचना

नदीकाठी कोळी, भोई किंवा ढीवर वापरतात ती गळाची काठी एका अखंड बांबूची असते. तिच्यावरून काळ सांगणे जवळजवळ अशक्य आहे, कारण तिची घडण पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही. चिरीव काठी याहून वेगळी असते. तिच्या टोकाकडून पाहिल्यास बहुधा सहा त्रिकोणी कांबी मध्यबिंदूशी मिळालेल्या दिसतात आणि काठीचा छेद षट्कोनी असतो. चार, पाच किंवा आठ कांबींच्याही काठ्या बनल्या, पण त्या थोड्या. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात आणि आत पोकळीकडे विरळ होत जातात. कांबी काढताना साल बाहेर ठेवून आतला मऊ भाग तासून टाकला जातो, त्यामुळे बारीक काठीतही भरपूर लवचीकपणा व ताकद राहते. मोठ्या माशांसाठीच्या जाड काठ्यांत कधी कांबींचे दोन थर असतात.

जुन्या लाकडी काठ्यांशी गल्लत टाळण्यासाठी काठीवर गाठी आहेत का ते प्रथम पाहावे. ग्रीनहार्ट, लान्सवूड व हिकरी या लाकडांच्या काठ्या गोल असतात आणि त्यांवर बांबूच्या पेरांच्या गाठी नसतात. चिरीव काठीवर गाठींच्या आडव्या रेषा दिसतात. कारागीर शेजारशेजारच्या कांबींच्या गाठी एका ठिकाणी येऊ देत नाही, कारण तेथे काठी कमजोर होईल. गाठी मागेपुढे ठेवण्याची प्रत्येक कारखान्याची रीत ठरलेली असे, त्यामुळे नाव पुसलेल्या काठीचा निर्माता शोधताना गाठींच्या मांडणीचाही उपयोग होतो.

बांबूची जात

कालनिश्चितीचा सर्वांत जुना धागा थेट भारतीय जंगलांशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत चिरीव काठ्यांसाठी जो बांबू वापरला जाई, त्याला व्यापारात ‘कलकत्ता केन’ असे नाव होते. डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस ही त्याची प्रमुख जात. मराठीत तिला मानवेल म्हणतात. मेळघाट, चंद्रपूर व गडचिरोलीच्या पानझडी जंगलांत ती विपुल आहे, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याने दीर्घकाळ वापरला तो बांबूही हाच. मानवेलीचा बांबू बारीक, जाड भिंतीचा आणि कोरड्या जमिनीत बराचसा भरीव असतो. इंग्रज त्याला ‘नर बांबू’ म्हणत आणि घोडदळाच्या भाल्यांचे दांडेही त्यापासून करत. कलकत्ता हे निर्यातीचे बंदर होते, बांबूचे माहेर नव्हे; म्हणून एखाद्या काठीतील बांबू नेमक्या कोणत्या जंगलातून गेला हे काठीवरून ठरवता येत नाही.

पुढे ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली. हे नावही तितकेच फसवे आहे. हा बांबू आजच्या उत्तर व्हिएतनाममधील टोंकिन प्रांतातला नसून दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातला आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ए. मॅक्लुअर यांनी १९३१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आज ही जात स्यूडोसासा अमाबिलिस या नावाने ओळखली जाते. तिची पेरे लांब, गाठी कमी फुगीर आणि सालीलगतच्या तंतूंचा थर जाड असतो. १९०० च्या सुमारास हा बांबू काठ्यांत दिसू लागला आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात चांगल्या काठ्यांत तोच रूढ झाला.

या दोहोंतील फरक डोळ्यांनी ओळखता येतो. कलकत्ता बांबूच्या काठीत गाठी जवळजवळ येतात आणि तेथील तंतू अधिक वाकडेतिकडे जातात. अनेकदा सालीवर तपकिरी-काळे भाजल्याचे डाग असतात. कीड लागू नये किंवा बांबू सरळ व्हावा म्हणून दिलेल्या शेकाशी या डागांचा संबंध जोडला जातो. कांबी वेगवेगळ्या बांबूंच्या भागांतून येत असल्याने काठीवर हे डाग ठिपक्यांसारखे, एका कांबीवर असून शेजारच्या कांबीवर नसलेले असे दिसतात. व्हार्निशखाली असे तुटक डाग आणि जवळजवळ गाठी दिसल्यास काठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा विसाव्याच्या आरंभीची असण्याचा संभव बराच वाढतो. काठीभर सारख्या पसरलेल्या तपकिरी रंगाचा अर्थ मात्र वेगळा आहे. काही कारागीर टोंकिन बांबूला मुद्दाम ज्योतीवर धरून गडद करत. अशी एकसारखी भाजणी जुनेपणाचा पुरावा मानता येत नाही, तरी विक्रेते तिच्या आधारे काठीचे वय सर्रास वाढवून सांगतात.

निर्मितीचा इतिहास

इंग्लंडमध्ये काठीचा केवळ शेंडा बांबूच्या कांबी जोडून करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होती. पूर्ण चिरीव काठीच्या विकासाचे श्रेय सामान्यतः पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावचे बंदूक-कारागीर सॅम्युएल फिलिप यांना देतात. ते व्हायोलिनही बनवत. त्यांचे प्रयोग १८४५ च्या सुमाराचे आहेत. मेन राज्यातील बँगोरच्या हायरम लेनर्ड यांनी १८७० च्या दशकात कांबी यंत्राने तासण्यास सुरुवात करून सहा कांबींची काठी प्रमाण ठरवली. इंग्लंडमधील अ‍ॅल्निक येथील हार्डी ब्रदर्स ही संस्था १८७२ मध्ये सुरू झाली. तिच्या ‘पॅलाकोना’ या नावाच्या काठ्या भारतासह साऱ्या साम्राज्यात पोहोचल्या. लंडनची फार्लो आणि रेडिचची ऑलकॉक या दोन्ही पेढ्या त्याहून जुन्या.

सुरुवातीच्या काठ्यांत षट्कोनाचे कोपरे तासून काठी गोल केली जाई. त्यात सालीलगतचा सर्वांत बळकट थर वाया जाई. हे लक्षात आल्यावर कोपरे तसेच ठेवण्याची रीत पडली. सहा कांबी स्पष्ट दिसत असूनही जी काठी गोल आहे, ती म्हणूनच साधारण १८८० पूर्वीची असू शकते.

काळ सांगणाऱ्या खुणा

काठीचे दोन किंवा तीन तुकडे धातूच्या शेंब्यांनी, म्हणजे फेरुलांनी, जोडले जातात. जुन्या शेंब्या पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या असतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक काठ्यांत आत जाणाऱ्या शेंबीच्या टोकापुढे निमुळती खुंटी असते आणि समोरच्या शेंबीत तिच्यासाठी खोल भोक असते. पुढे घट्ट बसणारी सरळ नळी पुरेशी ठरली आणि खुंटी गेली. ब्रिटिश कारागिरांनी मात्र खुंटी अमेरिकनांपेक्षा अधिक काळ टिकवली. लेनर्डच्या शेंब्यांवर १८७५ व १८७८ मधील पेटंटांच्या तारखा कोरलेल्या आढळतात. पेटंटची तारीख ही काठीची तारीख नसते. तो ठसा पुढे कित्येक वर्षे मारला जात असे. क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी शेंब्या बहुधा १९३० नंतरच्या स्वस्त काठ्यांवर असतात.

रेशमी बंधांना याहून जास्त महत्त्व आहे. जुन्या काठ्या प्राणिज सरसाने चिकटवत. सरस ओलाव्याने सुटतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर अधिकच. कांबी उकलू नयेत म्हणून काठीवर दर अडीच-तीन सेंटिमीटरवर, कधी त्याहूनही जवळ, रेशमाचे बारीक वेढे दिले जात. १९३० च्या व १९४० च्या दशकांत पाण्याला दाद न देणारी कृत्रिम रेझिने आली आणि हे मधले बंध अनावश्यक ठरले. सर्वसाधारणपणे बंध जितके दाट तितकी काठी जुनी. अपवाद असा की गिऱ्हाइकाला जुन्या थाटाची काठी आवडते म्हणून काही कारखाने नंतरही शोभेपुरते बंध घालत राहिले. दोऱ्याचा प्रकारही पाहावा. रेशीम व्हार्निशखाली अर्धपारदर्शक होते आणि त्यातून बांबू दिसतो. नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली, म्हणून नायलॉनच्या दोऱ्याचे बंध व्यवहारात युद्धोत्तर काळाचे मानावेत.

दोर ओवण्याच्या कड्या आधी सैल असत आणि काठीला बांधलेल्या छोट्या फासात लोंबत. १८८० नंतर तारेच्या पिळदार, उभ्या स्थिर कड्यांनी त्यांची जागा घेतली. मुठीजवळची व शेंड्याची कडी झिजू नये म्हणून तीत अकीक बसवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धापर्यंत होती. तडकलेला अकीक बदलून टाकण्याचा मोह होतो, पण कालनिश्चितीच्या दृष्टीने तडकलेला मूळ अकीकच अधिक मोलाचा आहे.

मूठ आधी लाकडाची किंवा वेताने विणलेली असे, नंतर बुचाची झाली. रीळ बसवण्याची जागा अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर काठी १८९० पूर्वीची असणे कठीण, कारण १८८६ मध्ये विद्युत पद्धत सापडेपर्यंत हा धातू महाग होता. बेकलाइट असेल तर १९०७ ही मागची मर्यादा. काठीबरोबर मिळालेल्या रिळावरून काठीचे वय ठरवू नये. हार्डीचे ‘परफेक्ट’ रीळ १८९१ पासून बनत आले आहे. एकच रीळ मालकाच्या चार काठ्यांवर फिरलेले असते.

अक्षरे आणि आकडे

मुठीच्या वरच्या भागावर शाईने लिहिलेले नाव, धातूवरील ठसा आणि कापडी पिशवीला शिवलेली चिठ्ठी या तिन्ही गोष्टी आधी वाचाव्यात आणि काहीही पुसण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. ओल्या फडक्याने शाई जाते. हार्डीच्या काठ्यांवर नमुन्याचे नाव आणि अनुक्रमांक असतो. त्यावरून निर्मितीचा काळ बराच अचूक कळू शकतो. नाव निर्मात्याचे असेलच असे नाही. दुकानदार दुसऱ्याकडून काठ्या घेऊन त्यांवर आपला ठसा मारत.

दोराच्या वजनाची खूण फारच उपयोगी पडते. जुने रेशमी दोर ‘एचडीएच’ यांसारख्या अक्षरांनी ओळखले जात, कारण अक्षर दोराचा व्यास सांगे. कृत्रिम दोर आल्यावर व्यास व वजन यांचा मेळ बसेना, म्हणून १९६१ मध्ये अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने वजनावर आधारित अंकपद्धती स्वीकारली. काठीवर मूळ शाईत ‘एएफटीएम’ किंवा दोराचा तसा अंक असेल तर ती १९६१ पूर्वीची नाही. इंग्लंडऐवजी फ्रान्समधील काठीवर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. आंब्वाझ येथील पेझॉन ए मिशेलच्या काठ्यांत हे आढळते.

पत्त्यावरूनही काळ कळतो. लंडनच्या टपाल विभागांच्या अक्षरांपुढे अंक १९१७ पासून आले, केवळ ‘एस. डब्ल्यू.’ असलेली चिठ्ठी बहुधा त्याआधीची. निर्मितीच्या देशाचे नाव मालावर घालण्याची सक्ती अमेरिकेने १८९० च्या कायद्याने केली. त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द असणे ही नंतरच्या काळाची खूण आहे, पण भारतासाठीच्या मालाला तो कायदा लागू नसल्याने तो शब्द नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. भारतीय दुकानाची पावती किंवा किमतीची चिठ्ठी मिळाली तर काम सोपे होते. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली. पत्त्यात पिन कोड असेल तर १९७२ नंतरची.

भारतात व अन्यत्रही मोठ्या संख्येने सापडणारा एक प्रकार म्हणजे लाकडी पेटीतील जपानी संच. त्यात चकचकीत रंगाचे बंध, स्वस्त धातू आणि काही माशा असतात. त्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे असेल तर तो १९४७ ते १९५२ या वर्षांतला. पेटी देखणी असल्याने हे संच वारशात फार जपले जातात, पण ते मुळात स्मरणवस्तू म्हणून विकले गेले. त्यांना शंभर वर्षे जुने समजणे चूक आहे.

दुरुस्ती आणि फसगत

वापरातल्या काठीची दुरुस्ती झालेलीच असते. समजा, एका काठीत भाजल्याचे तुटक डाग असलेला कलकत्ता बांबू आहे, शेंब्यांना खुंट्या आहेत, पण बंध नायलॉनचे असून त्यांवर जाड, काचेसारखा इपॉक्सीचा थर आहे आणि मुठीवर दोराचा ‘६’ हा अंक लिहिला आहे. येथे मुख्य सूत्र यांत्रिकपणे लावले तर काठी १९६१ नंतरची ठरेल. परंतु अंक इपॉक्सीच्या वर आहे की खाली, जुन्या कड्यांच्या जागी फिकट पट्टे उमटले आहेत का आणि मधल्या बंधांच्या खुणा व्हार्निशखाली दिसतात का, हे पाहिले तर काठी एकोणिसाव्या शतकातली असून विसाव्याच्या उत्तरार्धात पुन्हा सजवली गेली, असा निष्कर्ष निघतो. बांबू व शेंब्या सहसा बदलल्या जात नाहीत. दोरा, व्हार्निश व कड्या वारंवार बदलतात. म्हणून पुराव्याचे वजनही त्याच क्रमाने धरावे.

प्रत्येक तुकड्याची लांबी मोजणे हा सर्वांत साधा तपास आहे, आणि बहुतेक जण तो करत नाहीत. बहुतेक काठ्यांचे तुकडे समान लांबीचे असतात. एक तुकडा दोन-तीन इंच आखूड असेल तर तो मोडून पुन्हा शेंबीत बसवलेला आहे. चांगल्या काठीबरोबर दोन शेंडे दिले जात. दोन्ही शेंड्यांचा रंग, गाठींची मांडणी व बंध जुळत नसतील तर एक दुसऱ्या काठीचा असतो.

भारतातील संदर्भ

काठीची जाडी व लांबी पाहून ती कोणत्या पाण्यासाठी घेतली होती याचा अंदाज येतो. चौदा फूट किंवा अधिक लांबीच्या, दोन्ही हातांनी धरायच्या जड काठ्या महाशीरासाठी वापरल्या जात. दख्खनच्या महाशीराचे, म्हणजे टोर खुद्रीचे, शास्त्रीय वर्णन कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. मद्रास सनदी सेवेतील एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळुरूत छापले गेले, आणि ए. सेंट जे. मॅक्डोनल्ड यांचे महाशीरावरील पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये प्रकाशित केले. अशा पुस्तकांतील काठ्यांची वर्णने आणि दुकानांच्या जाहिराती हाती असलेल्या काठीशी ताडून पाहता येतात. आठ-नऊ फुटांच्या हलक्या काठ्या ट्राउटच्या. हा मासा १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि नंतर निलगिरीत परदेशातून आणून सोडला गेला. भारतात वापरलेली म्हणून सांगितली जाणारी हलकी काठी त्याआधीची ठरत असेल, तर ती मालकाने मायदेशात घेतलेली असावी किंवा लहान माशांसाठी असावी.

१९५० च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि तेथील कारखान्यांना टोंकिन बांबू मिळेनासा झाला. ते साठ्यातल्या बांबूवर चालत राहिले. तोवर काचतंतूची स्वस्त काठी बाजारात आली होती. १९७० च्या दशकात बंदी उठली, तेव्हा कार्बनतंतूच्या काठ्या निघाल्या होत्या आणि बांबूची काठी थोड्या हौशी कारागिरांच्या हाती उरली. त्यांनी बनवलेल्या नव्या काठ्यांत जुन्या धाटणीच्या जर्मन सिल्व्हर शेंब्या व रेशमी बंध हेतुतः वापरलेले असतात. त्या जुन्या म्हणून विकल्या गेल्यास सरसाऐवजी आधुनिक रेझिनची बारीक, एकसारखी रेष कांबींच्या सांध्यांत दिसते का, ते भिंगाने पाहावे.

जतन

काळ निश्चित होईपर्यंत काठी खरवडू नये, पॉलिश करू नये किंवा नवे व्हार्निश लावू नये. व्हार्निशच्या एका थराबरोबर शाईतील नाव, अनुक्रमांक व मूळ बंधांच्या खुणा कायमच्या जातात. जाम झालेल्या शेंब्या पिळून सोडवू नयेत, पिळामुळे सरसाचे सांधे उकलतात. सरळ रेषेत ओढावे. काठी कोपऱ्यात टेकवून ठेवल्यास कायमची वाकते, म्हणून ती कोरड्या कापडी पिशवीत आडवी किंवा टांगून ठेवतात. पावसाळ्यात धातूच्या बंद नळीत ठेवल्यास आत ओल धरते. मानवेलीच्या जुन्या काठीला घरातल्या कोणत्याही बांबूप्रमाणे भुंगा लागू शकतो. बारीक गोल भोके आणि पिठासारखा भुसा दिसल्यास ती काठी इतर काठ्यांपासून त्वरित वेगळी करावी.